तांबडे दोरे

"एकच आहे," निगुडकर सर म्हणाले.

"दोन आहेत, सर," चंद्रकला म्हणाली.

सर छत्री धरून उभे होते. चंद्रकला ओल्या खडकावर पालथी पडली होती, डोळ्याला भिंग लावून. गढवालातल्या एका अरुंद दरीच्या वरच्या टोकाला, साडेबारा हजार फुटांवर आम्ही तिघं होतो आणि वाद चालला होता बोटभर उंचीच्या एका पिवळ्या फुलावरून. मी जरा खाली, झाडं दाबायच्या प्रेसच्या फळ्यांवर बसले होते. कोरडी जागा तेवढीच होती.

"चंद्रकला, मी पंधरा वर्षांपूर्वी या दरीत तीन महिने काढलेत. तू तेव्हा कितवीत होतीस?"

"चौथीत, सर."

"या दरीची यादी मी छापली आहे. पिवळी सॅक्सिफ्रागा एकच."

"पण सर, हिच्या बुडातून दोरे निघालेत बघा ना. तांबडे. प्रत्येक दोऱ्याच्या टोकाला पिल्लू आहे. आणि ही शेजारची बघा, हिला एकही दोरा नाही."

"लहान आहे ती. मोठी झाली की येतील."

"लहान नाही सर. हिला फळ धरलंय."

सरांनी चष्मा काढून पुसला. उत्तर सुचलं नाही की सर चष्मा पुसत. त्या आठवड्यातली ही चौथी वेळ.

मला ही सवयच आहे. कोण काय बोललं, कितीदा बोललं, समोर काय आणि माघारी काय, सगळं माझ्या डोक्यात तारीखवार लागतं. पुण्यातल्या आमच्या संस्थेत मला 'चालतं रजिस्टर' म्हणत. वाळवलेली झाडं जाड कागदाच्या शीटवर लावून जिथं कपाटांत ठेवतात, त्या हर्बेरियममध्ये मी शीट लावायचं काम करत असे. अकरा वर्षं, टेंपररी. डोंगरात माझं काही काम नव्हतं. पण एक तरुण मुलगी पीएच.डी.साठी आपल्या गाइडबरोबर महिनाभर हिमालयात जाणार म्हटल्यावर संस्थेला संस्कृती आठवली, आणि एक बाईमाणूस सोबत द्यायचं ठरलं. एक्केचाळीस वर्षांची, मूलबाळ नसलेली, कोणी विचारणारं नसलेली अशी बाई संस्थेत एकच होती. अंबिका फणसळकर.

"सर, फोटो तरी काढा दोघींचा. शेजारी शेजारी आहेत," चंद्रकला म्हणाली.

"रोल संपत आलाय."

त्या संध्याकाळी बर्फाच्या पुलावर एक पाय ठेवून सरांनी सामान वाहणाऱ्या हमालाकडून स्वतःचे तीन फोटो काढून घेतले.

मी त्या दोन फुलांना नावं ठेवून टाकली. पिल्लं सोडणारी ती लेकुरवाळी, न सोडणारी ती सडी. जेवताना मी तसं म्हणाले, तर सर हसले. "बाई, झाडांना नावं ठेवायला लॅटिन लागतं."

"ठेवायला लागत असेल, सर. हाक मारायला नाही लागत."

चंद्रकला इतकी हसली की तिला ठसका लागला. सर हसले नाहीत. माझ्या नावावर तेही कुठं तरी जमा झालं असणार.

तंबूत आम्ही दोघी. ती झोपायच्या आधी सगळी झाडं पुन्हा एकदा कंदिलाजवळ धरून बघायची. मूळची राजूरकडची. वडील वनरक्षक. दिवसभर चढून माझे गुडघे बोलत असायचे, आणि ही पोरगी उतारावर घरच्या ओसरीवर चालल्यासारखी चालायची.

"अंबूताई, दोन जाती आहेत हे काही मी शोधलेलं नाही. दोघी जगाला ठाऊक आहेत, दोघींना नावं आहेत. प्रश्न एवढाच आहे की या दरीत दोघी आहेत की एक. माझ्या मते आहेत. आणि एकाच खडकावर आहेत. ओल्या अंगाला लेकुरवाळी, कोरड्या अंगाला सडी. मध्ये हातभर पट्टा, तिथं दोघी एकमेकींच्या पायात पाय घालून. त्या तशा कशा राहतात, हाच माझा प्रबंध."

"आणि एकच निघाली तर?"

"तर काय? एकाच झाडाचे दोन वयांचे नमुने बघत दोन वर्षं फिरले, असं म्हणतील." तिनं एक झाड टिपकागदावर हळूच पसरलं. "जूनमध्ये संगमनेरच्या कॉलेजात जागा आहे. पदवी हातात असेल तर या, म्हणालेत. नसेल तर दुसरा उमेदवार तयार आहे. तात्यांनी गावात सांगून टाकलंय, पोरगी प्रोफेसर होणार."

"सांगितलं का त्यांनी?"

"सांगितलं काय, देवळापुढं उभं राहून सांगितलं."

मी विचारलं, दोऱ्यांशिवाय आणखी काही खूण नाही का? होती. फुलाखालची हिरवी दलं. लेकुरवाळीची ताठ उभी, सडीची खाली वळलेली. तिनं भिंग माझ्या हातात दिलं आणि मला दाखवली. स्पष्ट दिसत होती. "पण प्रेसमध्ये दाबलं की दोघींची सपाट होतात. वाळल्यावर रंगही सारखाच. मग उरतात फक्त दोरे. म्हणून जपून चाललंय सगळं."

दुसऱ्या दिवशी सरांनी सांगितलं की पिवळ्या सॅक्सिफ्रागाच्या सगळ्या झाडांना एकच नंबर द्यायचा. चंद्रकलानं मान डोलावली. रात्री तिनं दोन वेगळ्या चिठ्ठ्या बांधल्या. दोनशे बारा लेकुरवाळी, दोनशे तेरा सडी. मी कंदील धरला होता. खरं सांगायचं तर मला त्या रात्री फार मजा आली. दुसऱ्याचं बंड बघायला मला नेहमीच आवडत आलंय.

पुण्याला परतल्यावर डिसेंबरात मी शीट लावायला घेतल्या. चंद्रकला तेव्हा राजूरला होती, वडील पडले होते म्हणून. लेकुरवाळीचे दोरे केसासारखे बारीक आणि वीतभर लांब. ते कागदावर मांडणं म्हणजे सनईच्या सुरात रांगोळी काढण्याइतकं निवांत काम. मी दोन दिवस त्यावरच होते. तिसऱ्या दिवशी सर आले.

"बाई, हे काय लोंबतंय?"

"दोरे आहेत, सर. दोनशे बाराचे."

"कागदाबाहेर चाललेत."

"वळवून घेते ना. आतल्या आत बसतील."

"वळवू नका, गचाळ दिसतं. परीक्षक कलकत्त्याहून येणार आहेत. संस्थेच्या शीट कशा असतात ते त्यांना दिसू दे. कापा."

"सर, तिचा सगळा प्रबंध या दोऱ्यांवर..."

"प्रबंध तिचा आहे, बाई. शीट संस्थेची." सर माझ्या टेबलाच्या कडेवर बसले. आवाज अगदी मऊ. "तुमच्या कन्फर्मेशनचा कागद माझ्याकडे आलाय, बरं का. अकरा वर्षं म्हणजे फार झाली. मला त्यावर दोन ओळी लिहायच्यात. या बाईंना काय ठेवावं आणि काय काढावं हे कळतं, एवढंच."

मी विचारलं, "कापलेलं पाकिटात घालून शीटवर चिकटवू?" कारण नियम तसा आहे. झाडाचं गळालेलं पानसुद्धा आम्ही टाकत नाही. छोट्या पाकिटात घालून त्याच शीटवर लावतो.

"पाकीट कशाला? काही गळालेलंच नाही."

सर बाहेर गेले. त्यांनी उभं राहून माझ्याकडून कापून घेतलं असतं, तर आज मला हे सांगायला सोपं गेलं असतं. ते गेले. खोलीत मी एकटी होते. दार बंद होतं. आणि मी कात्री घेतली.

काम उत्तम केलं मी. दोरा अर्ध्यावर कापला तर थोटूक दिसतं. म्हणून प्रत्येक झाडाची खालची पानं चिमट्यानं उचलायची, दोरा अगदी बुडाशी कापायचा, पानं पुन्हा बसवायची आणि वरून खळ. सात झाडं. संध्याकाळी दोनशे बारा आणि दोनशे तेरा शेजारी ठेवल्या, तेव्हा माझी मलाच कोणती कुठली ते कळेना. दोरे मी पाकिटात घातले आणि पाकीट माझ्या ड्रॉवरमध्ये तळाशी सरकवलं. टाकवत नव्हतं. शीटवरही लावलं नाही. आता त्या वागण्याला काय म्हणायचं ते तुम्हीच म्हणा. मी पुष्कळ नावं देऊन पाहिली आहेत.

मार्चपर्यंत चंद्रकला तीनदा हर्बेरियममध्ये आली. तीनही वेळा तिनं विचारलं, "लावल्यात ना शीट?" मी म्हटलं, लावल्या. तिनं बघायला मागितल्या नाहीत. "तुमच्या हातचं मी काय तपासू, अंबूताई," म्हणाली. हे तिसऱ्या वेळी. मी तिला चहा दिला.

सरांनी प्रबंधावर सही केली होती. पण सही करताना सगळ्यांदेखत म्हणाले होते, "ते दोन जातींचं प्रकरण परीक्षकांसमोर टिकवायची जबाबदारी तुझी. पडलं तर माझ्याकडे यायचं नाही."

तोंडी परीक्षेला सेमिनार हॉल भरला होता. परीक्षक डॉ. हालदार सत्तरीचे, बुटके, बोलायला गोड. सॅक्सिफ्रागांवर त्यांचा अधिकार मोठा होता. इंग्रजीत बोलत, पण आमच्या इंग्रजीलाही समजेल असं. चंद्रकलानं बदामी साडी नेसली होती. तात्या मागच्या रांगेत बसले होते, फेटा मांडीवर काढून ठेवलेला, पाय प्लास्टरमध्ये.

तासभर फार सुंदर चाललं. हालदार विचारत होते आणि ही सांगत होती. ओलावा किती, ऊन किती, परागीभवन कोण करतं. सर दोनदा घड्याळात बघून झाले. मग हालदारांनी हात चोळले.

"छान. आता मला त्या दोघी बहिणी दाखवा."

मी शीट नेऊन टेबलावर ठेवल्या. दोनशे बारा. दोनशे तेरा. हालदारांनी भिंग काढलं.

"मिस भांगरे," बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "यात दोरे असलेली कोणती?"

"दोनशे बारा, सर."

"कुठं आहेत?"

चंद्रकला पुढं झाली. तिनं शीट उचलली नाही, टेबलावरच वाकली. आधी उजवीकडून पाहिलं, मग डावीकडून. मग दोनशे तेरा ओढून घेतली, की कदाचित चिठ्ठ्या बदलल्या असतील. मला तिच्या मानेची शीर दिसत होती.

"होते, सर. माझ्या वहीत चित्रं आहेत, मापं आहेत."

"चित्रं मी पाहिली. सुरेख आहेत," हालदार हळहळल्यासारखे म्हणाले. "पण चित्र म्हणजे बघणाऱ्याचं मत. झाड म्हणजे पुरावा."

"मग एक झाड भिजवू या, सर. गरम पाण्यात सोडवलं की बुडाशी खुणा दिसतील."

"शीट संस्थेची आहे," निगुडकर सर म्हणाले. "आमच्याकडे पाचापेक्षा जास्त झाडं असलेल्या शीटला हात लावायचा तर समितीची परवानगी लागते." असा नियम आमच्याकडे नव्हता. अकरा वर्षांत मी ऐकला नव्हता.

"पाकीट?" हालदारांनी विचारलं. "काही गळालं असेल तर?"

"पाकीट नाही," सर म्हणाले. "म्हणजे गळालेलं काही नाही."

हालदारांनी भिंग मिटलं. मग कोण जाणे त्यांना काय वाटलं, त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "या शीट कोणी लावल्या?"

"मी."

"तुम्ही तर दरीतही होता ना? तुम्ही सांगा. लावताना या झाडांना दोरे होते का?"

सरांनी चष्मा काढला नाही. पुसला नाही. ते फक्त माझ्याकडे बघत राहिले, अगदी शांत. आणि चंद्रकलाच्या चेहऱ्यावर तर चक्क हायसं वाटल्याचं दिसलं. आता अंबूताई सांगतील, संपलंच. कोणत्या तारखेला कोणता दोरा कुठल्या कोपऱ्यात वळवला, तेसुद्धा सांगतील.

मी म्हटलं, "आठवत नाही, सर. शेकडो शीट असतात."

मग चंद्रकला हसली. मोठ्यानं, तंबूत हसायची तशीच.

"अंबूताईंना आठवत नाही!" ती हॉलकडे वळून म्हणाली. "ऐकलंत का? अंबूताईंना!"

आमच्या संस्थेचे वीसेक लोक होते तिथं. मला ओळखणारे. एकही हसला नाही. त्यांना सगळं कळलं होतं, प्रत्येकाला. आणि प्रत्येकानं खाली बघितलं. कोणी कुठं बघितलं तेही मी सांगू शकेन.

निकाल लागला. ते प्रकरण वगळून प्रबंध पुन्हा सादर करावा. ते प्रकरण वगळलं तर उरत होती एका दरीतल्या फुलांची यादी, आणि ती तर सरांनी पंधरा वर्षांपूर्वीच छापलेली होती. चंद्रकलानं पुन्हा काही सादर केलं नाही. तात्यांना हाताला धरून ती जिना उतरली. एक पायरी, थांबायचं, एक पायरी. मी वरच्या कठड्याशी उभी होते. तिनं वर पाहिलं नाही. एप्रिलच्या दहा तारखेला मी कायम झाले. सरांनी दोन ओळी लिहिल्या होत्या. फार चांगल्या होत्या.

हे एवढ्यावर राहिलं असतं, तर मी आजवर कोणाला सांगितलंही नसतं. खरंच सांगते. माणूस अशा गोष्टींवर कपाट लावून घेतो आणि कामाला लागतो. मी लागले होते.

पण पुढच्या वर्षी सप्टेंबरात सर माझ्या खोलीत आले. उन्हानं नाक सोललेलं. ते पुन्हा त्या दरीत जाऊन आले होते, एकटेच. या वेळी रोल संपत आलेला नव्हता. छत्तीस फोटो काढले होते.

"बाई, गंमत म्हणजे काय," ते म्हणाले, "दोन जाती आहेत हो तिथं. लेख टाइप करायला दिलाय. दरीतली नवी नोंद."

मी हातातली शीट खाली ठेवली.

"जुने नमुने जोडले तर लेखाला वजन येईल. दोनशे बारा आणि तेरा. त्या दोऱ्यांचं काय केलंत तुम्ही? असतीलच तुमच्याकडे. तुम्ही काही टाकत नाही."

चाळीस वर्षं झाली. अजून हे वाक्य मला त्याच आवाजात ऐकू येतं. त्यांच्या आवाजात लाज नव्हती, भीती नव्हती. रबर मागावं तसे मागत होते.

"आहेत," मी म्हटलं. "देणार नाही. लेखावर आधी भांगरेचं नाव घाला."

"तिनं प्रबंध सोडून दिला."

"तुम्ही सोडायला लावलात."

"मी?" त्यांनी भुवया उंचावल्या. "परीक्षकांनी तुम्हाला विचारलं होतं, बाई. मला नाही. आता तुमच्या ड्रॉवरमधून दोरे निघाले, तर हालदारांसमोर खोटं कोण बोललं असं ठरेल? मी तर शीटला हातही लावला नव्हता." मग नेहमीचा मऊ आवाज. "उद्यापर्यंत काढून ठेवा. तुमच्या हितासाठीच सांगतोय."

ते गेले. या वेळीही दार बंद होतं आणि मी एकटी होते.

मी दोनशे बारा काढली. आमच्याकडे एक रीत आहे. शीट बघणाऱ्या कोणालाही आपलं मत चिठ्ठीवर लिहून, सही करून ती शीटवर चिकटवता येते, आणि एकदा चिकटवलेली चिठ्ठी पुढं कोणी काढायची नसते. एरवी अभ्यासक लिहितात, ही अमुक जात नव्हे, तमुक आहे. मी लिहिलं: 'या सातही झाडांना तांबडे दोरे होते. डॉ. निगुडकरांनी सांगितल्यावरून मी ते कापले. दोरे सोबतच्या पाकिटात. परीक्षेच्या दिवशी मला विचारण्यात आलं तेव्हा मी खोटं सांगितलं. वेचणारी व दोन जाती ओळखणारी: चंद्रकला भांगरे. अंबिका फणसळकर.' आणि तारीख. पाकीट चिकटवलं. मग शीट नेऊन सरांच्या टेबलावर ठेवली, त्यांच्या टाइप केलेल्या लेखाच्या वर.

सरांनी वाचलं. कान लाल झाले त्यांचे. "शीट खराब केलीत तुम्ही!"

"काढा की चिठ्ठी," मी म्हटलं. "काढून दाखवा. मी इथंच उभी आहे."

काढली नाही. पुढं काय झालं ते थोडक्यात. लेख आला, फक्त त्यांच्या नव्या नमुन्यांवर, फक्त त्यांच्या नावानं. मला बियांच्या कोठीत बसवलं, तिथं शीट नसतात. हालदारांना मी पत्र टाकलं होतं, पण ते त्याच पावसाळ्यात वारले होते. चिठ्ठी मात्र आजही तिथं आहे. निवृत्त झाल्यावरही मी दोनदा जाऊन बघून आले.

आणि चंद्रकलाकडे गेले. त्याच ऑक्टोबरात. राजूरजवळच्या एका आश्रमशाळेत ती सातवीला शास्त्र शिकवत होती. मधली सुट्टी होती. व्हरांड्यात बाक टाकून वह्या तपासत बसली होती. मला बघून उठली नाही, बसा म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. कात्री, पाकीट, लेख, चिठ्ठी. मध्येच मला रडू आलं, तेव्हा तिनं वही मिटून ठेवली.

"किती दोरे होते?"

"एकतीस."

"म्हणजे आठवत होतं."

"हो."

"आणि त्यांच्या लेखावर माझं नाव घाला म्हणून भांडलात."

"घातलं नाही त्यांनी. पण मी..."

"मला विचारलंत?" ती एकदम उभी राहिली. पोरं वळून बघायला लागली, तरी तिचा आवाज खाली आला नाही. "त्या माणसाच्या नावाखाली माझं नाव लावायचं, असं मी सांगितलं होतं तुम्हाला? कापताना इचारलं नाही, चिकटवताना इचारलं नाही. माझी झाडं, माझा प्रबंध, माझं नाव, आणि सगळं ठरवायचं तुम्ही दोघांनी त्या खोलीत बसून. तात्या गेले जूनमध्ये. गावाला अजून वाटतंय, पोरगी नापास झाली. जाऊन सांगा ना तिथं. चिठ्ठी चिकटवा देवळावर!"

घंटा झाली. पोरं आत पळाली. ती मात्र तिथंच उभी राहिली, धापा टाकत. मग वही उघडून पाठीमागचं कोरं पान काढलं.

"मी पुढच्या ऑगस्टात जाणार आहे त्या दरीत. बिनपगारी रजा घेईन. प्रबंध नको, पदवी नको. मला ती झाडं माझ्या हातानं शीटवर लावलेली हवीत, इथं, या कपाटात." तिनं पेनाचं टोपण काढलं. "खळ कशी करता तुम्ही? तुमच्या शीटला कसर लागत नाही."

मला आधी कळलंच नाही ती काय विचारते आहे.

"खळ," ती म्हणाली. "सांगा. तास आहे माझा."

मी सांगितलं. मैदा किती, पाणी किती, मंद आचेवर किती वेळ. शेवटी कसर लागू नये म्हणून मोरचूद, बोटाच्या पेरावर मावेल एवढाच, नाही तर पानांना निळी झाक येते. गाळून घ्यायची. गार झाल्यावर लावायची, कोमट असताना नाही. ती उतरून घेत होती. एकदा थांबवून विचारलं, "गार म्हणजे पार गार?" मी म्हटलं, पार गार.

तिनं कागदाची घडी करून पोलक्यात ठेवली. "बस पावणेपाचला असते. फाट्यावर थांबा, इथं आत येत नाही," म्हणाली आणि वर्गात गेली.

फाटा दोन किलोमीटर होता. तिचा आवाज बराच वेळ मागून ऐकू येत होता. मुळं, खोड, पान. चुकलेल्या कोणाला तरी ती पुन्हा पहिल्यापासून विचारत होती.